आधी नियम, मग चित्रं

श्रोतेहो, नमस्कार.

इंदुरात परीक्षा संपल्या की घरोघरी एक नवी मागणी ऐकू येते, "मला गेम बनवायचाय, कॉम्प्युटर दे." माझं सांगणं असं की पहिले काही दिवस कॉम्प्युटर बंदच असू द्या. एक मोठा कागद, दोन फासे आणि थोड्या सोंगट्या काढा.

नवशिक्या मुलांची सुरुवात बहुतेक वेळा चित्रापासून होते. हिरोचा अंगरखा, तलवार, राक्षसाचे दात, तीन पानं गोष्ट. खेळणाऱ्यानं करायचं काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून सापशिडी घ्या. आपल्या जुन्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कल्पना सुरेखच. पण खेळ म्हणून बघितलं तर फासा टाकायचा, घरं मोजायची, बस्स. ठरवायला काही नाही, म्हणून तर चार वर्षांचं पोर आजीला हरवतं! आता एकच नियम बदला. दोन फासे टाकायचे, पण त्यातलं एकच दान चालायचं. कुठलं, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. लगेच मुलं पटावर वाकून मोजायला लागतात. मग आणखी एक नियम घाला, की उरलेलं दान समोरच्याला द्यायचं. आता माझ्या पाचानं मला शिडी मिळते, पण उरलेल्या तिनानं तोही सापाच्या तोंडून सुटतो. घेऊ की नको? गेम डिझाइन इथून सुरू होतं. मात्र एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर मजा कशामुळे वाढली ते कळत नाही.

कॉम्प्युटरच्या खेळांतही हेच आहे. 1972 साली अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' बनवला. दोन बॅटी आणि एक चेंडू, एवढाच ऐवज. पण त्यांनी बॅटचे आठ भाग पाडले. चेंडू मध्यावर लागला तर सरळ जातो, कडेला लागला तर तिरपा. झालं, खेळणाऱ्याला विचार करायला जागा मिळाली. सर्किटमधल्या दोषामुळे बॅट पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचत नसे. तो दोषही त्यांनी मुद्दाम राहू दिला, कारण त्यामुळे दोन तरबेज खेळाडूंचा डाव कधीतरी संपायचा. मला ही हुशारी फार आवडते.

आता कॉम्प्युटर उघडा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठानं 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचं गेम बनवायचं साधन फुकट आहे. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. विषय आपल्या राजवाड्यावरचा घ्या, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. पांढरा सदरा घातलेल्या माणसाला गर्दीतून पलीकडे जायचंय. बाणाची कळ दाबली की तो सरकतो, वरून रंग पडतो, रंग लागला की डागांचा आकडा एकनं वाढतो, दहा डाग झाले की खेळ खलास. कळ दाबली का, कोण कुठे सरकलं, कोण कोणाला लागलं, हे पाहून मशीन नवं चित्र काढतं, आणि स्क्रॅचमध्ये हा फेरा सेकंदाला साधारण तीस वेळा होतो.

पण एवढ्यावर ती नुसती पळापळ आहे. मधोमध, जिथे रंग सगळ्यात जास्त पडतो, तिथे पोह्यांची गाडी लावा. तिथवर पोचलं की दोन डाग कमी. आता खेळणारा थबकेल, जाऊ की नको म्हणून.

मग हा खेळ आजीच्या हातात द्या, आणि बनवणाऱ्यानं गप्प बसायचं. "आजी, अगं तो बाण दाब ना!" असं तोंडून निघालं, तर ते वाक्य वहीत लिहून ठेवा, कारण नेमकं तेच खेळानं स्वतः सांगायला हवं होतं. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये सुरुवातीला मारिओ डावीकडे उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं, हे लिहावंच लागलं नाही.

कोणी न सांगता आजीनं दुसरा डाव मांडला, तरच पुढची पातळी करायला घ्या. तोवर पोह्यांची गाडी थोडी इकडेतिकडे हलवून बघा.

नमस्कार.