काचेच्या घरातलं कपाट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका घराविषयी बोलते. अमेरिकेत, शिकागोपासून साधारण नव्वद किलोमीटरवर, प्लेनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठावर ते उभं आहे. १९५१ साली बांधून झालं. खाली फरशी, वर छप्पर, दोन्हींना तोलून धरणारे पांढरे रंगवलेले आठ पोलादी खांब, आणि चारही बाजूंना काच. लक्षात घ्या, चारही बाजूंना काच, बाहेरची भिंत म्हणून नाहीच. वास्तुशिल्पकार होते मूळचे जर्मनीचे मीस व्हान डर रोह.

घर बांधून घेतलं डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांनी. मूत्रपिंडाच्या विकारांवर काम करणाऱ्या शिकागोतल्या नामांकित डॉक्टर, तरुणपणी इटलीत व्हायोलिन शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी निवांत बसता यावं, एवढीच त्यांची इच्छा. १९४५ मध्ये एका मैत्रिणीकडे जेवताना मीस यांची ओळख झाली आणि तिथंच घराचा विषय निघाला.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगते. या घरात आत खोल्या नाहीत. मधोमध लाकडी गाभा आहे, त्यात दोन न्हाणीघरं आणि शेकोटी, मागच्या अंगाला ओटा. बाकी सगळं मोकळं. मग कपडे कुठे ठेवायचे? एक कपाट हवं, आणि तेच आडोसाही होईल. मीस यांचं म्हणणं, कपाट पाच फूट उंच असावं. प्रमाण तसंच साधतं. आणि एडिथबाईंची स्वतःची उंची? सहा फूट! पाच फुटांचं कपाट, सहा फुटांची बाई. १९५३ साली एका मासिकाला त्यांनी हे सगळं सांगितलं. घरात पाहुणे असताना मी कपाटाआड कपडे बदलायला गेले, तर धडाविना नुसतं डोकं कपाटावरून फिरताना दिसेल, असं त्या म्हणाल्या. ओट्याखाली कचऱ्याचा डबा त्या ठेवत नसत, कारण तो रस्त्यावरून दिसायचा. साधा हँगर अडकवायचा, तरी बाहेरून कसं दिसेल याचा विचार करावा लागे. दिवसभर रुग्ण तपासून आलेल्या बाईनं आपल्याच घरात हँगरचा विचार करत बसायचं! मला हे वाचताना फार वाईट वाटलं.

ओट्यावरून आठवलं. हल्ली आपल्याकडेही हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर करायची पद्धत आलीय. मला ती मुळीच पटत नाही. मिरचीच्या फोडणीचा ठसका पाहुण्यांच्या नाकात जातो, आणि खरकटी भांडी झाकायला घरच्या बाईची धावपळ होते. स्वयंपाकघराला दार हवंच.

असो. या काचेच्या घरात उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही एका टोकाला. उन्हाळ्यात उकाडा, थंडीत काचांवर पाणी, नदीकाठचे डास. खर्चही ठरल्यापेक्षा वाढला. दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली. नदीला पूर येतो म्हणून फरशी जमिनीपासून सव्वापाच फूट उचललेली आहे, तरी पाणी आत शिरलंच. १९५४ मध्ये शिरलं, १९९६ मध्ये तर काचा फुटल्या.

तरीही सांगते, घर सुंदर आहे. झाडं, नदी, बर्फ, सगळं आत येऊन बसल्यासारखं दिसतं. घर सुंदर आहे आणि बाईंची तक्रारही रास्त आहे.

१९७२ मध्ये त्यांनी ते विकलं आणि त्या इटलीला जाऊन राहिल्या. २००३ मध्ये वारसा जपणाऱ्या संस्थांनी लिलावात पंचाहत्तर लाख डॉलर मोजून ते घेतलं. तोवर घराला नुसतं आडनाव होतं, फार्न्सवर्थ हाउस. २०२१ मध्ये संस्थेनं त्यात एडिथ हे नाव घातलं. हिवाळा सोडून घर आतून बघता येतं. शिकागोकडे तुमचं कुणी असेल, तर त्यांना जरूर जायला सांगा.

नमस्कार.