भोपळा तीनदा विकला

(दृश्य: टेम्पोतून उतरणारी ज्वारीची ताटं, चर्चचं फाटक)

सोलापुरातला एक रविवार. उपासनेला अजून अर्धा तास आहे आणि वेदीसमोर उभं राहायला जागा उरलेली नाही. कणसांसकट ज्वारीची ताटं, हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, टोपलीत गावरान अंडी. पाय बांधलेला एक कोंबडाही आहे. प्रार्थनेच्या वेळी त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईल, तो आम्ही काढलेला नाही.

हा सुगीचा सण. काही मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, कापणीचा सण म्हणतात. रानातलं पहिलं पीक आधी देवापुढं ठेवायचं, मग घरी न्यायचं.

इथली ज्वारी रब्बीची. पाऊस वर्षाकाठी 550 मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या लहरीनं. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरायचं आणि जमिनीत धरलेल्या ओलीवर पीक काढायचं. मालदांडी ज्वारी अशीच येते. इतकं करून हाती आलेल्या पिकातली पहिली पाटी दुसऱ्याला द्यायची, हे बोलायला सोपं आहे.

(दृश्य: अर्पणाची रांग)

पण शहरात शेत किती जणांकडं असणार? यंत्रमागावर काम करणारे हे दादा चादर घेऊन आलेत. मागच्या ताई विड्या वळतात. त्यांच्या हातात शेंगा चटणीची बरणी. या पोरानं पाकीट ठेवलं, त्यात पहिला पगार आहे. त्यालाही इथं प्रथमउपजच म्हणतात. आणि या आजी. पदराची गाठ सुटेना म्हणून रांग थांबली आहे, मागचं कुणी घाई करत नाही. पाळकसाहेबांनी आज उपदेशाला बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांच्या दानाचा, उतारा घेतलाय. आजींनी तो ऐकला की नाही, कोण जाणे, त्या गाठीतच गुंतल्या होत्या.

या मंडळीची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये. मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860च्या दशकात सोलापूरला. शाळा निघाल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना आसरा मिळाला. पैसा बराचसा समुद्रापलीकडून यायचा. तो किती दिवस पुरणार आणि आपल्या पाळकाचा पगार आपण कधी देणार, हा प्रश्न जुनाच. ज्वारीच्या पोत्यांनी त्याचं निम्मं उत्तर तरी दिलं, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: पेटी, टाळ, नंतर चर्चचं अंगण)

नारायण वामन टिळकांचं भजन झालं, आशीर्वाद झाला, आणि मंडळी अंगणात आली. आता लिलाव.

"भोपळा! शंभर रुपये एक वार..."

"दीडशे!"

"काय ओ, दीडशेत भोपळा नेता? खुर्चीवर बसलेल्यांनी तरी बोला की!"

हाच भोपळा नीट बघा, देठाजवळ खरचटलेला. 300 रुपयांना एका रिक्षावाल्या काकांनी घेतला. पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. पुन्हा बोली. या वेळी महिला मंडळानं वर्गणी काढून घेतला आणि तोही परत. तिसऱ्या खेपेला संडे स्कूलच्या पोरांनी चिल्लर गोळा केली, तेव्हा मोठ्यांनी बोली थांबवली. पोरांवर चढवायची नाही, हा न लिहिलेला नियम. ज्यानं आणला त्याचं नाव कुणी पुकारत नाही, आणि ज्यानं घेतला तो घरी नेत नाही.

दरवाजावर आता क्यूआर कोडही लावलाय. सोय झाली, नाकारत नाही. पण त्या कोडसमोर कुणी कुणाला चिडवताना आम्हाला दिसलं नाही.

(दृश्य: चुली, पंगत)

मागच्या बाजूला प्रीतिभोजन शिजतंय. लसूण काल रात्रीच सोलून झाला. भात, आमटी आणि कालच्या कडक भाकऱ्या. आमटीला काळा मसाला, वर शेंगदाण्याचं कूट. पंगतीत आधी म्हातारी माणसं आणि लेकरं. ओगराळं हातात घेतलेले हे गृहस्थ सकाळी कोट घालून पहिल्या बाकावर होते. बादली उचलून देणारा, पहिल्या पगाराचं पाकीट ठेवणारा तोच पोरगा. फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांनाही आत बोलावतात, चर्चचे की बाहेरचे हे विचारत नाहीत.

जमलेल्या पैशांतून शाळेची फी, औषधं आणि पाळकाच्या पगाराला हातभार लागतो. उरलेलं धान्य गरजू घरी जातं.

हिशेब पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी वाचून दाखवतात. उधारीवर बोली लावलेल्यांची नावंही वाचतात, आणि ती जरा मोठ्यानं.