ज्यांच्यावर लिहिलं, त्यांनी लिहिलं तेव्हा

(दृश्य: गोव्यातला फोंडा तालुका, सकाळ. देवळाचा चौक, लाकडी खांब, पितळी समई घासणारे हात.)

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे. फोंड्याच्या बाजूचं असं कुठलंही मोठं देऊळ घ्या. त्याचा इतिहास विचारला की पोर्तुगिजांच्या धाकानं देव कसे रातोरात नदीपार आणले, हे कुणीही सांगतं. महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेनं चालत आलेले कारभारी, कुठल्या घराण्यांतले, तेही सांगतात. पण या चौकात पिढ्यान्‌पिढ्या झाडलोट करणाऱ्या, दिवे लावणाऱ्या, पालखीपुढे गाणाऱ्या बायका कोण होत्या, हा प्रश्न विचारला की बोलणारा माणूस जरा इकडेतिकडे बघतो.

गाणाऱ्या-नाचणाऱ्या त्या कलावंत. दिवाबत्ती, केरवारा करणाऱ्या त्या भाविणी. मुलगी वयात आली की तिचा शेंस हा विधी व्हायचा. लग्नासारखंच सगळं, फक्त नवऱ्याच्या जागी नवरदेवाचा वेष केलेली दुसरी मुलगी, हातात कट्यार आणि नारळ. त्यानंतर ही मुलगी देवाची. म्हणजे प्रत्यक्षात कुणाची, ते गावात सगळ्यांना ठाऊक असायचं.

(आवाज: टाळ, मृदंग. भजनाची बैठक.)

याच चौकात भजनाला बसलेली मंडळी जनाबाईही गातात.

‘डोईचा पदर आला खांद्यावरी। भरल्या बाजारी जाईन मी॥’

टाळ्या वाजतात, माना डोलतात. अभंगाच्या शेवटी जनी काय म्हणते? ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा। निघाले केशवा घर तुझे॥’ नामदेवाच्या घरी दळणकांडण करणारी एक दासी तेराव्या-चौदाव्या शतकात म्हणते की लोकांनी मला वेश्या म्हटलं तरी चालेल, मी निघाले. संताची वाणी म्हणून आपण ते गोड मानून घेतो. देवाच्या नावानं ज्यांना खरोखरच तसं जगायला लावलं, त्यांच्या कानांवर हीच ओळ याच चौकात पडत असेल तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल? त्यांचं त्यावरचं म्हणणं लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

(दृश्य: काणकोण, पैंगीण. पावसाळी रस्ता.)

काणकोण तालुक्यातलं हे पैंगीण. कलावंत-भाविणींच्या समाजात जन्मलेले राजाराम पैंगीणकर इथले. देवळाच्या सेवेची ही चाल मोडावी म्हणून ते आयुष्यभर झगडले. आज आपण ज्याला गोमंतक मराठा समाज म्हणतो, त्याच्या जडणघडणीत अशा माणसांचा घाम आहे. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘मी कोण?’ बापाचं नाव विचारलं की ज्या घरातली पोरं गप्प बसायची, त्या घरातल्या मुलानं हे शीर्षक निवडावं, यातच निम्मं पुस्तक आलं.

मराठी कादंबरीनंही या बाईकडे पाहिलं. बोरीचे बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, यांची ‘भावीण’ १९५० साली आली. गोव्याचा निसर्ग बाकीबाबांइतका सुंदर कुणी लिहिला नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे. कवीच्या हाती आलं की दुःखालाही सुगंध येतो. वाचणाऱ्याचा गळा दाटतो, तो पुस्तक मिटतो आणि शांत झोपतो. सोसणारी बाई देखणी झाली की तिला सोसायला लावणारे जरा सुटतात.

आता त्याच समाजातली, स्वतः लेखणी धरणारी बाई बघू.

(दृश्य: जुना नाट्यगृहाचा पडदा, पायपेटीवरची बोटं.)

हिराबाई पेडणेकर. आडनाव पेडण्याचं, जन्म १८८५चा, सावंतवाडीतला. मराठीतल्या अगदी पहिल्या स्त्री-नाटककारांत त्यांचं नाव घेतात. १९०४ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ लिहिलं.

विषय काय निवडला, ते बघा. महाभारतात वनवासाच्या काळात पांडव शिकारीला गेलेले असताना जयद्रथ द्रौपदीला पळवून नेतो. पांडव पाठलाग करून त्याला धरतात. जीव घेत नाहीत, कारण तो बहिणीचा, दुःशलेचा नवरा. भीम त्याचं डोकं भादरतो, पाच शेंड्या तेवढ्या ठेवतो आणि ‘मी पांडवांचा दास’ असं त्याच्याच तोंडून वदवून घेतो. सभेतल्या वस्त्रहरणावर हजार कीर्तनं झाली असतील. तिथं बाई रडते, देव धावतो. एकोणीस वर्षांच्या या मुलीनं मात्र बाईवर हात टाकणाऱ्याची भर रानात हजामत होते, तो प्रसंग उचलला. नायकिणीच्या घरात वाढलेली मुलगी तो प्रसंग लिहिताना मनातल्या मनात हसली असेल, असं मला तरी वाटतं.

नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्या गुरू मानत. ‘संगीत दामिनी’ हे त्यांचं पुढचं नाटक ललितकलादर्श नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. तेव्हा रंगमंचावर बायकांची कामं पुरुषच करत. कुलीन घरच्या बाईनं रंगमंचावर जायचं नाही, आणि कलावंत घरच्या बाईला प्रतिष्ठित मंडळीत स्थान नाही. तेव्हा हिराबाईंनी नायिका लिहायची आणि तिचं बोलणं नऊवारी नेसलेल्या एखाद्या बाप्यानं म्हणायचं. तालमीत त्या बसल्या असतील तर स्वतःचं वाक्य त्या आवाजात ऐकताना त्यांना कसं वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्या बैठकीत बसून, त्यांच्याशी वाङ्मयावर बोलून लेखक मंडळी आपापल्या घरी जात. हिराबाई शेवटी मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेतला कृष्णाजी नेने यांच्यासोबत राहिल्या. लिहिणं मागे पडलं. १९५१ साली त्या गेल्या. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ लिहिलं. नाटककार बाई अखेर नाटकातली भूमिका झाली.

(दृश्य: पौषातली रात्र. शेणानं सारवलेला मांड, तुळस, समोरासमोर बायकांच्या दोन रांगा.)

लेखणी हाती नसलेल्यांनी काय केलं, ते ऐकायला धालोच्या, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या नाचगाण्यांच्या, मांडावर यावं लागतं. पौष महिना, जेवणखाण आटोपलेलं, मूल निजवलेलं. दोन रांगा एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकत पुढे येतात, मागे जातात. पुरुषांना मांडावर काम नाही. गाणी देवाच्या नावानं सुरू होतात आणि हळूहळू माहेर, सासर, नणंद, दीर असं करत घरात शिरतात. मग सोंगं येतात. एखादी डोक्याला मुंडासं गुंडाळून नवऱ्याची ऐट अशी काही वठवते की सगळा मांड हसून लोळतो. मला हे साहित्यच वाटतं. डॉ. जयंती नायक यांनी अशी लोकगीतं, लोककथा वर्षानुवर्षं गावोगाव फिरून गोळा केली. त्यांच्या स्वतःच्या ‘अथांग’ या कोंकणी कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ऐकणारी बाई लिहिणारीही असली की असा फायदा होतो.

पुरुषाला हे लिहिताच येत नाही, असंही नाही. दामोदर मावजो यांची कोंकणी कादंबरी ‘कार्मेलिन’ १९८१ची. गोव्यातली एक ख्रिस्ती बाई मुलीसाठी कुवेतला आया म्हणून जाते. घरी नवरा दारूत, तिकडे मालकाची नजर. इथे सुगंध नाही. पगार आहे, घरी धाडलेले पैसे आहेत, आणि त्या पैशांवर उभ्या राहिलेल्या घराला बाई काय मोजते, ते आहे. आखाती पैशांवर बांधलेली घरं दक्षिण गोव्यात, सालसेतीत, आजही दिसतात. रंग छान असतात.

(दृश्य: मडगाव. सरकारी कचेरीबाहेरचा बाक, फायली, स्टॅम्पपेपर.)

एक गोष्ट मात्र अजून हवी तशी कथेत उतरलेली नाही. गोव्याचा नागरी कायदा मूळ १८६७च्या पोर्तुगीज संहितेतला. नवराबायकोची मालमत्ता निम्मीनिम्मी, मुलीला मुलाइतकाच वाटा. बाहेरचे लोक येऊन कौतुक करतात. त्याच पोर्तुगीज राजवटीनं १८८० साली हिंदूंसाठी रूढींची वेगळी संहिता केली. तीत पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर पुरुषाला दुसरं लग्न करायची मुभा ठेवली. ही झाली कागदावरची गोष्ट. कागदाबाहेरची अशी: लग्न झालेली बहीण भावाच्या गाडीतून नोटरीकडे येते आणि आपला हक्क सोडल्याची सही करते. कुणी हात उगारत नाही, आवाजसुद्धा चढत नाही. ‘माहेर तुटायला नको गो,’ एवढंच आई म्हणते. सही झाली की भाऊ सगळ्यांना चहा पाजतो, आणि येत्या गणेशचवथीला नक्की ये म्हणून बजावतो.

या बाईवर कादंबरी यायला हवी. ती त्या बाकावर बसलेल्या बाईनंच लिहिली तर फारच उत्तम.