लकव्यानंतरची सुधारणा मोजायची कशी?

श्रोतेहो, नमस्कार.

लकव्यातून उठलेल्या माणसाबद्दल घरचे सांगतात, "आता बरीच सुधारणा आहे." पण बरीच म्हणजे किती? आणि मुख्य म्हणजे, कशात?

समजा, उजवा हात लुळा पडलाय. माणूस डाव्या हातानं जेवायला, बटणं लावायला शिकतो. जेवण, कपडे, अंघोळ, जिना अशा दहा गोष्टींवर शंभरपैकी गुण देणारा 'बार्थेल निर्देशांक' १९६५ पासून वापरात आहे. त्यात या माणसाचे गुण भराभर वाढतील. उजवा हात मात्र होता तिथंच असेल! काम जमू लागणं आणि हात सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हव्यात, पण एकीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

खुद्द हात तपासण्यासाठी स्वीडनमध्ये फुगल-मायर आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली एक चाचणी मांडली. फिजिओथेरपिस्ट सांगतात, "कोपर सरळ ठेवून हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत उचला." उचलायला घेताच कोपर वाकलं किंवा हात बाजूला गेला, तर शून्य. वाटेत वाकलं, तर एक. सरळ वर गेला, तर दोन. असं करत संपूर्ण हाताचे ६६ गुण होतात. घरच्यांना "हात वर गेला की!" एवढंच दिसतं, तो कसा गेला, हे तपासणाऱ्याच्या नजरेला दिसतं.

चालण्याचं मोजमाप त्या मानानं सोपं. आखलेलं अंतर आणि स्टॉपवॉच, बस्स. सेकंदाला ०.८ मीटरहून जास्त वेग असेल, तर माणूस घराबाहेर बऱ्यापैकी वावरू शकेल असं साधारणपणे धरतात. मात्र मागच्या वेळी काठी असेल, तर या वेळीही हवी. नाहीतर तुलनेला अर्थ नाही. थकल्यावर घेतलेली चाचणीही फसवते.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढं आकडे हळू सरकतात. तेव्हा घरचे खचतात, आणि माझ्या मते उगाचच; वेग मंदावला म्हणजे सुधारणा थांबली असं नव्हे.

आणि बार्थेलमध्ये शंभरपैकी शंभर मिळाले तरी माणूस एकटा राहू शकेलच असं नाही. स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, एकट्यानं प्रवास, यांतलं काहीच ती चाचणी विचारत नाही. ते घरच्यांनीच पाहायचं, आणि पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टना सांगायचं.