हवेतलं चाक

[दृश्य: जुलै महिना. भातखाचरांच्या कडेने चढत जाणारी मुरमाची वाट. एक पांढरी फोर बाय फोर पिकअप चढावर तिरकी उभी. वायपर चालू.]

इंजिन नीट चालू आहे. गिअर पडलेला आहे. फोर बाय फोरचा दिवा मीटरवर लागलेला आहे. आणि गाडी जागची हलत नाही.

[कॅमेरा चाकांच्या उंचीवर.]

पावसाने वाटेत तिरका चर पाडलाय. त्यामुळे पुढचं उजवं चाक वीतभर हवेत लोंबतंय. मागचं डावंही तसंच. ही दोन गरगर फिरतायत. उरलेली दोन टणक मुरमावर घट्ट टेकलेली आहेत आणि तीच ढिम्म आहेत. फोर बाय फोर म्हणून वरचे पैसे मोजले, आणि वेळेला फिरतात दोनच चाकं, तीही नको ती.

चालक खाली उतरतो, चाकांकडे बघतो, मग आभाळाकडे. गाडीला मागचं लॉक आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय. त्याने ते अजून लावलेलं नाही, कारण आम्हीच त्याला म्हटलं, दादा, जरा थांबा, आधी हे नीट दाखवू दे. तेव्हा तो भिजत थांबलाय, आणि आपल्याला जरा आटोपशीर बोलायला हवं.

[दृश्य: बैलगाडीचं चाक, सावकाश फिरताना.]

बैलगाडीला हा ताप नाही. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. ओढायचं काम बैलांचं, चाकं नुसती मागून येतात. वळणावर बाहेरचं जास्त फिरलं, आतलं कमी, तर कुणाचं काही अडत नाही. मोटारीत मात्र चाकानेच गाडी ढकलायची असते. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. गाडीने पूर्ण गोल वळण घेतलं तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं. दोघांना एकाच दांड्याला जखडलं तर एकाला फरफटत जावं लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल आला, म्हणजे दोन्ही चाकांना ढकलतानाही वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट फ्रान्समध्ये पेक्यूर याने १८२८ साली घेतलं होतं, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्माला यायच्या कितीतरी आधी.

[दृश्य: गॅरेज. उघडलेलं हाउसिंग, क्राउन, पिनियन, मधले छोटे स्पायडर गिअर. मेकॅनिक एक चाक हाताने फिरवतो, दुसरं उलटं फिरतं.]

हा साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. ऐकायला न्याय्य वाटतं. पण घसरणाऱ्या चाकाला जेवढा झेपतो तेवढाच टॉर्क दुसऱ्यालाही मिळतो. चिखलातल्या चाकाने शंभर न्यूटन मीटर पेलले, तर कोरड्यावरच्यालाही शंभरच. हवेतल्याने जवळपास काहीच पेललं नाही, तर दुसऱ्यालाही जवळपास काहीच नाही. फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी बांधला जातो, पण प्रत्येक आसावरचं डावं-उजवं मोकळंच राहतं. चढावरच्या त्या पिकअपचं दुखणं एवढंच आहे.

यावरचा उतारा आपल्याकडे कित्येकांच्या दारात उभा आहे. ट्रॅक्टरमध्ये.

[दृश्य: भाताची चिखलणी. ट्रॅक्टर चालवणाऱ्याची उजवी टाच, जवळून.]

हे टाचेजवळचं छोटं पेडल बघा. चिखलणीत एक चाक खोल जाऊन फिरायला लागलं की ट्रॅक्टरवाला त्यावर टाच दाबतो. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर हूं करून बाहेर येतो. बांध जवळ आला, वळायचं आलं, की टाच उचलली. उचलली नाही तर ट्रॅक्टर वळायला राजी नसतो. पिकअप किंवा जीपला लॉकर, म्हणजे असंच लॉक, बसवू बघणाऱ्या शहरी माणसाने कुठला कॅटलॉग चाळण्याआधी एक सकाळ या टाचेकडे बघत काढावी, असं माझं मत आहे. कधी दाबायचं यापेक्षा कधी सोडायचं, ते त्या टाचेला जास्त चांगलं कळतं.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. टेबलावर घर्षणाच्या चकत्या मांडलेल्या.]

आता निवडीचं. दुकानात पहिला शब्द कानावर पडतो तो लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी. हा डिफरन्शियल चाकं पूर्ण बांधत नाही, चकत्यांनी किंवा गिअरांनी एका चाकाचं जादा फिरणं आवरतो. १९३० च्या दशकात जर्मनीत झेडएफ कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी ज्या एलएसडी बनवल्या, त्या याच घराण्यातल्या. जन्म शर्यतीतला आहे हे लक्षात ठेवलं की स्वभाव कळतो. दोन्ही चाकं जमिनीवर आहेत, पण एकाखाली ओलं आणि एकाखाली कोरडं, अशा रस्त्यावर ती छान चालते. बटण नाही, दिवा नाही, चालकाला कळतही नाही. चकत्यांच्या एलएसडीला तेल मात्र तिचंच लागतं, घर्षणाचं औषध घातलेलं. साधं ओतलं तर वळणावर कुरकुरते. आणि चकत्या कालांतराने झिजतात. मग गाडीला एलएसडी असते ती फक्त कागदावर.

गिअरवाली एलएसडी तशी झिजत नाही, पण तिचं गणित गुणाकाराचं. कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क मिळतो, त्याच्या अडीच-तीन पट दुसऱ्याला. हवेतल्या चाकाला शून्य. शून्याची तिप्पट किती, ते चौथीतलं पोर सांगेल. जुने चालक अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दात वर ओढतात. हवेतलं चाक थोडं अडतं, शून्याचं काहीतरी होतं, आणि गाडी निघते. हल्लीच्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो, फिरणारं चाक ब्रेकने धरून. फुकट आहे, बऱ्याच वेळा पुरतंही. लांबच्या चिखलात ब्रेक तापतात.

[दृश्य: थारचं मागचं चाक, मंद गतीत. फिरतं, फिरतं, आणि थांबतं.]

मग येतं आपोआप लागणारं लॉक. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागे ईटन कंपनीचं यांत्रिक लॉक येतं. याच जातीचं लॉक अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९७३ पासून आहे. आत छोटी वजनं असतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ती बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते, चकत्या दाबल्या जातात आणि आस पूर्ण लॉक होतो. गाडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर खिट्टी अडकतच नाही, घाटातल्या वेगाला धोका नको म्हणून. यात नवखा माणूस हमखास फसतो. चाक फिरायला लागलं की तो घाबरून पाय उचलतो. इथे उलट हवं, पाय हलका पण तसाच धरून ठेवायचा, चाकाला थोडं फिरू द्यायचं, आणि तो ‘टक्’ ऐकायचा.

[आवाज: ‘टक्’. गाडी पुढे सरकते.]

आणि शेवटी चालकाच्या हातातलं लॉक. टोयोटाच्या हायलक्स पिकअपला मागच्या आसासाठी बटण आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक, तेही हाताने ओढायच्या दांड्यांचं. बाहेरून बसवायचं तर हवेवर चालणारं मिळतं. त्याला कॉम्प्रेसर लागतो, पाइप चेसिसवरून नीट बांधून न्यावा लागतो, आणि तो पाइप एकदा दगडाला घासला की लॉक गेलं. पण त्याच कॉम्प्रेसरवर टायरमध्ये हवा भरता येते, ही सोय मला लॉकइतकीच मोलाची वाटते. चिखलासाठी ३५ ची हवा २० च्या आसपास उतरवायची आणि डांबरावर आल्यावर पुन्हा भरायची, हे ज्याच्याकडे जमतं त्याची निम्मी फजिती तिथेच टळते. गाडीला अजून कंपनीचे गुळगुळीत हायवे टायर असतील तर लॉकरचा विषय बंद करून आधी टायरवाल्याकडे जावं.

[दृश्य: घाटातली आडवी उताराची वाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तांबडा ओला जांभा.]

लॉक हवं म्हणणाऱ्यांना मी ही जागा दाखवतो. वाट दरीच्या बाजूला कललेली आहे, वर जांभ्याचा शेवाळलेला थर. साध्या डिफरन्शियलवर एक चाक फिरतं आणि दुसरं जमीन धरून बसतं. गाडी पुढे जात नाही, पण बाजूलाही जात नाही. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकदम फिरतात. फिरणाऱ्या चाकाला बाजूची पकड नसते. मग गाडीचं मागचं अंग सावकाश, अगदी शांतपणे, दरीकडे सरकायला लागतं. इथे लॉक बंदच हवं. म्हणून सह्याद्रीत गाडी चालवणाऱ्याने सदा लागून राहणारं किंवा मनाला येईल तेव्हा लागणारं लॉक घेऊ नये, असं मला वाटतं. काही स्वस्त लॉकर जुन्याच हाउसिंगमध्ये बसतात, डांबरी वळणावर कटकट वाजतात आणि पाय उचलला-दाबला की गाडीला हिसका देतात. वाळवंटात त्यांचं ठीक आहे. पावसाळी घाटात मी तरी बसवणार नाही. डिफरन्शियल वेल्डिंग करून टाकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

पुढच्या आसाचं लॉक शेवटी, आणि खडकात खेळणाऱ्यांनीच. ते लागलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं. मागच्या लॉकचीही एक किंमत आहे. मोकळ्या आसात एका बाजूच्या एक्सलवर जास्तीत जास्त निम्मा भार येतो, लॉक लावल्यावर सगळाच्या सगळा एकावर येऊ शकतो. चाक दोन दगडांत अडकलेलं असताना पाय दाबून धरला की एक्सल तुटतो. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस पुन्हा पाय दाबत नाही.

आता आपल्या पिकअपवाल्याकडे. आठवड्याचे सहा दिवस टोमॅटोचे क्रेट घेऊन डांबरावर, आणि पावसाळ्यात रोज दोनदा हा चढ. त्याने मागचं, हातातलं, बटणाचं लॉक निवडलं. माझ्या हिशेबाने बरोबर निवडलं.

[दृश्य: पुन्हा मुरमाची वाट. चालक गाडीत चढतो. अंगठा बटणावर.]

बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो. लॉकचे दात अजून समोरासमोर आलेले नाहीत. क्लच अगदी थोडा सोडला, चाक बोटभर फिरलं, आणि दिवा स्थिर झाला. मागचं उजवं चाक, इतका वेळ मुरमावर बसून राहिलेलं, हळूच फिरतं. पिकअप चरातून वर येते. लोंबणारं डावं चाक जमिनीला टेकतं.

वरच्या सपाटीवर त्याने बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला नाही. दातांवर अजून ताण आहे. त्याने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं, पाचेक मीटर गाडी तशीच जाऊ दिली, आणि दिवा गेला. मग त्याने खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला विचारलं, झालं का तुमचं? क्रेट उतरवायचेत.