बेड कोणाला, हे वॉर्डात ठरलं

हे फोन बघा, एक ठेवला की दुसरा वाजतोय. मुंबईतल्या एका वॉर्ड ऑफिसमधली, म्हणजे पालिकेच्या विभाग कार्यालयातली ही कोविड वॉर रूम, २०२० सालची.

त्याआधी सगळं एकाच ठिकाणी होतं. लॉकडाऊन दिल्लीतून, रात्री आठला घोषणा आणि बारापासून देश बंद. आणि मुंबईत बेड पाहिजे असेल तर १९१६ लावा, दहिसरवाल्याने पण तोच नंबर आणि मानखुर्दवाल्याने पण तोच, लाइन लागतेय कुठे! त्यात लॅबवाले रिपोर्ट थेट पेशंटला द्यायचे, मग पॉझिटिव्ह आला की अख्खं घर घाबरून रात्रभर हॉस्पिटलं पालथी घालणार, आणि लक्षणं नसलेला पण ओळख असलेला आत जाणार, दम लागलेला बाहेर.

जूनपासून हे बदललं. रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून पत्त्याप्रमाणे २४ वॉर्डांत, आणि मग वॉर्डातून पेशंटला फोन. ही डॉक्टर काय विचारतेय ऐका: ताप किती, दम लागतो का, घरात माणसं किती, संडास घरात की बाहेर? हा शेवटचा प्रश्न जी नॉर्थमध्ये पहिला सुचतो, कारण धारावी त्याच वॉर्डात. साधारण अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक, बहुतेकांचा संडास सार्वजनिक, त्यांना होम क्वारंटाइन सांगून करायचं काय? म्हणून तिथे शाळा आणि हॉल घेतले, गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं, हे संडास दिवसातून कितीतरी वेळा धुवून काढले.

खाजगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घ्यायचा आदेश राज्य सरकारचा होता, तेवढी ताकद वॉर्डाकडे नाहीच. पण त्यातला कोणता बेड कोणाला, हे वॉर्डात ठरायला लागलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच.

२०२० संपेपर्यंत मुंबईत ११ हजारांवर माणसं गेली. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनचं नियोजन मुंबईकडून शिका असं सुप्रीम कोर्टाने दिल्लीला सांगितलं.

लसीचं वेगळं. पालिकेने १ कोटी डोससाठी जागतिक टेंडर काढलं, हाती काही लागलं नाही, जूनमध्ये खरेदी परत केंद्राकडे गेली आणि ती पहिल्यापासून तिथेच हवी होती, एकेका शहराने कंपन्यांच्या मागे धावायचं हे कामच नव्हे. पण अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला सुरुवात झाली ती एका वॉर्डातून, के ईस्टमधून, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी पूर्व.