चिवट म्हणजे शांत नव्हे

(जळगावात मे महिन्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि कूलरसमोरच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले हुशार श्रोतेहो,

विषय छापलाय 'नवशिक्याच्या खाऱ्या टाकीतले शांत मासे'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी थोडं मन मोकळं करू द्या. समुद्रातले मासे पाळतो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, हाई खातस का?" आणि दुसरा, समुद्र कुठं अन् जळगाव कुठं? पहिल्यावर मी आता नुसता हसतो. दुसऱ्याला उत्तर आहे. मुंबईचा शौकीनसुद्धा चौपाटीवरून बादली भरून आणत नाही. तोही आरओचं पाणी घेतो, त्यात मरीन सॉल्ट कालवतो आणि घनता १.०२५च्या आसपास आली की थांबतो. तेच आपण करायचं. पुडी तीच, पाणी तेच.

उलट एका बाबतीत आपण वरचढ आहोत. टाकीच्या तोंडावर पंखा लावला की बाष्पीभवनानं पाणी गार होतं, आणि हा खेळ कोरड्या हवेत जमतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही. कूलरवर उन्हाळे काढणाऱ्या जिल्ह्याला हे मी काय शिकवणार! अर्थात पाणी हवं २५ ते २७ अंश आणि बाहेर पारा पंचेचाळीसवर, तेव्हा मे महिन्यात चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. पंख्यानं त्याचं काम हलकं होतं, एवढंच. आणि लक्षात ठेवा, उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात लोणचं घालाल.

आता माझे धुळ्याचे साडूभाऊ. त्यांच्या धाकट्याला निमो हवा होता, तो सिनेमातला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "निमो नंतर न्या साहेब. नवी टाकी आहे ना, आधी हे डोमिनो डॅमसेल सोडा. एकदम शांत मासा. मरतच नाही."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्राचा अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर, वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर नाजूक मासा टिकत नाही, डॅमसेल टिकतो. म्हणून वर्षानुवर्षं दुकानदार आधी तोच गळ्यात मारत आले. खरं तर मासाच कशाला लागतो? चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत कुजू द्या, टेस्ट किटनं मोजत राहा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मग मासा आणा. पण रिकाम्या टाकीत दुकानदाराचं काय विकलं जाणार?

तर डोमिनो आला. काळाभोर, कपाळावर एक पांढरा ठिपका, दोन्ही कुशींना एकेक. नखाएवढा असतो तेव्हा फार गोड दिसतो. वाढून अर्ध्या वितीच्या पुढे जातो आणि टाकीचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतो. पुढे निमोची जोडी आली, तर यानं एकाला फिल्टरच्या नळीमागे असा कोंडला की शेपटीची झालर झाली. जाळीनं धरू म्हटलं तर हा दगडाच्या फटीत. शेवटी सगळे दगड बाहेर काढायचे ठरलं. दिवाणखान्यात बादल्या, टब, पातेली, सतरंजी ओली. नेमके त्याच वेळी थोरल्या मुलीला बघायला पाहुणे दारात! वहिनी आतून डोळे वटारतायत, साडूभाऊ कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात, आणि मुलाच्या काकांनी बादलीत वाकून विचारलं, "हाई खातस का?" सोयरीक जमली, ते सोडा. डोमिनो परत दुकानात गेला. बहुधा आठवड्याभरात 'शांत' म्हणून दुसऱ्याच्या घरी पोचलाही असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. चिवटपणा जातीचा असतो, शांतता बरीचशी क्रमावर ठरते. भुसावळला जनरलच्या डब्यात आधी चढलेला माणूस पाय पसरून बसतो की नाही? त्याच माणसाला भरल्या डब्यात चढवा, अंग चोरून उभा राहील. टाकीतही बुजरा मासा आधी, हक्क सांगणारा शेवटी.

(इथे चिठ्ठी आली.) पाच मिनिटं म्हणतायत. बरं, पळतो.

दोनशे लिटरची टाकी धरा, मासे चार-पाच, बास. सगळ्यात आधी फायरफिश, एकच. पुढून पांढरा, मागून लाल, आणि घाबरला की उडी मारतो, तेव्हा वर जाळीचं झाकण हवंच. मग पिवळा वॉचमन गोबी, शक्य असेल तर पिस्तूल कोळंबीसकट. ही जोडी तासन्तास बघावी. कोळंबी नजरेनं अधू, ती बीळ उपसत असते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबीनं शेपूट थरथरवलं की दोघं आत. नंतर बंगाई कार्डिनल, इंडोनेशियाच्या बंगाई बेटांचा. याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, तेवढे आठवडे खात नाही. निसर्गात तो धोक्यात आलाय, म्हणून टाकीत पैदास झालेलाच मागा. दोन नर नकोत. रॉयल ग्रामा देखणा, पण कॅरिबियनचा, खिशाला जड.

काय नको? सिक्सलाइन रास हा मासा नको, बाकीच्यांना छळतो. निळा टँग नको, फूटभर होतो. आणि मँडरीन. इतका गरीब मासा नाही, पण तो दिवसभर दगडावरचे बारीक जीव टिपतो. नव्या टाकीत ते नसतात आणि पेलेटला, म्हणजे दुकानातल्या दाणेदार खाद्याला, बहुतेक मँडरीन तोंड लावत नाहीत. उपाशी मरतो.

प्रवाळाचं एका वाक्यात. आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. कोकणच्या सहलीतून पिशवीत घालून आणायची ती वस्तू नव्हे.

राहिला निमो, म्हणजे ऑसेलॅरिस क्लाउनफिश. समुद्रातला घेऊ नका. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, पैदाशीचा मासा पेलेट खातो आणि समुद्रात तो ज्याच्या आसऱ्यानं राहतो तो ॲनिमोन हा जीवही त्याला लागत नाही. दोन लहान आणा. सगळे जन्मतः नर, त्यातला दांडगा पुढे मादी होतो, जोडी आपोआप जमते. पण मादी झाली की आपला कोपरा राखते, म्हणून हे दोघं सगळ्यांत शेवटी. तोवर निमोसाठी रडणाऱ्या पोराला कसं थोपवायचं, ते घरच्यांनी बघायचं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.